देवनारचा कॅमेरा

महाराष्ट्रात माध्यमांचं शिक्षण आलं ते वर्तमानपत्राच्या दारातून. नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयात १९५२ साली पत्रकारितेचा विभाग निघाला, तेव्हा नागपूर ही मध्य प्रदेशाची राजधानी होती आणि अमेरिकेतल्या सिरॅक्यूज विद्यापीठाचे प्राध्यापक रोलंड वोल्सली तिथे शिकवायला आले होते. पुण्यात पत्रकारितेचा वर्ग म्हणजे रानडे इन्स्टिट्यूट, हे समीकरण साठच्या दशकापासून रुळलं. मुंबईत झेवियर इन्स्टिट्यूट ऑफ कम्युनिकेशन्स १९६९ साली उभी राहिली. या सगळ्या ठिकाणी हेतू सरळ होता : वार्ताहर, उपसंपादक, जाहिरात आणि जनसंपर्क सांभाळणारी माणसं तयार करायची. त्या हेतूत कमीपणा काही नाही. मराठी पत्रकारितेतली कितीतरी चांगली माणसं या वर्गांतून गेली आहेत. पण मुंबईतच, चेंबूरच्या पुढे देवनारला, माध्यमांचा एक पदव्युत्तर अभ्यासक्रम समाजकार्याच्या संस्थेत वाढला. त्याने सुरुवातीपासून वेगळा प्रश्न विचारला : कॅमेऱ्यामागे उभा असलेला माणूस आणि कॅमेऱ्यासमोर बसलेला माणूस यांच्यात नातं कोणतं? या प्रश्नाभोवती झालेली ही वाटचाल मराठीत फारशी सांगितली गेलेली नाही. ती सांगायला हवी असं मला मनापासून वाटतं.

टाटा सामाजिक विज्ञान संस्था, म्हणजे सगळ्यांच्या तोंडची ‘टिस’, १९३६ साली सुरू झाली ती ‘सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क’ या लांबलचक नावाने. क्लिफर्ड मॅन्शार्ट हे अमेरिकन मिशनरी त्याआधी काही वर्षं नागपाड्यात ‘नेबरहुड हाऊस’ चालवत होते. कामगारवस्तीत राहून, तिथल्या माणसांच्या अडचणी जवळून पाहून काम करायचं, ही त्यांची रीत होती, आणि समाजकार्याचं शास्त्रशुद्ध शिक्षण देणारी शाळा हवी हा त्यांचाच आग्रह. संस्थेने १९४४ मध्ये आजचं नाव घेतलं, १९५४ मध्ये ती देवनारला आली आणि १९६४ मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला.

देवनारला येणं ही साधी पत्त्याची बाब नव्हती. मुंबईचा कचरा जिथे डोंगर होऊन साचला ती जागा इथली, शहराचा कत्तलखाना इथला, आणि शहराच्या मध्यभागातून उठवलेली माणसं ज्या गोवंडी-मानखुर्दच्या वस्त्यांत आणून टाकली गेली त्याही याच परिसरातल्या. हा परिसर ज्यात येतो तो एम-पूर्व विभाग २००९च्या मुंबई मानव विकास अहवालात महापालिकेच्या सगळ्या विभागांत सर्वांत खाली होता. संस्थेच्या फाटकातून बाहेर पडून समोरच्या बस डेपोवरून गाडी धरली की काही मिनिटांत विद्यार्थी या विषमतेत पोचतो. पुढे माध्यमांचा जो अभ्यासक्रम इथे वाढला, त्याच्या स्वभावात हा परिसर उतरला आहे.

समाजकार्याच्या शिक्षणात दृक्‌श्राव्य साधनं पूर्वीपासून होती. कुटुंबनियोजनाचे तक्ते, पारदर्शिका, ध्वनिफिती, वस्तीत पडद्यावर दाखवायच्या फिल्म. त्यामागचा विचार त्या काळात देशभर एकच होता : वरून संदेश पाठवायचा आणि लोकांनी तो ऐकायचा. १ ऑगस्ट १९७५ पासून एक वर्ष चाललेल्या ‘साइट’ या उपग्रह-दूरचित्रवाणीच्या प्रयोगात सहा राज्यांतल्या २,४०० खेड्यांत संच बसवले गेले. शेती, आरोग्य, शिक्षण यांचे संदेश थेट आकाशातून गावात उतरतील, अशी आशा होती. प्रयोग थोर होता. पण त्यात खेड्यातला माणूस ऐकणारा होता. त्याला काय ठाऊक आहे, तो स्वतःबद्दल काय सांगेल, हे विचारायला त्या रचनेत फारशी जागा नव्हती. बाजूलाच गुजरातेत खेडा जिल्ह्यात पीज इथल्या लहानशा प्रक्षेपण केंद्रातून स्थानिक माणसांना घेऊन कार्यक्रम होऊ लागले, तेव्हा या विचाराला पहिली मोठी चीर गेली.

देवनारला ही चीर रुंदावली ती ऐंशी-नव्वदच्या दशकांत, संस्थेच्या ‘युनिट फॉर मीडिया अँड कम्युनिकेशन्स’मध्ये. अंजली मोंतेरो आणि के. पी. जयशंकर या जोडीने हे केंद्र घडवलं. मोंतेरो मूळच्या अर्थशास्त्राच्या. दूरचित्रवाणी पाहताना माणसं तिचा अर्थ कसा लावतात, या विषयावर त्यांनी गोवा विद्यापीठात प्रबंध लिहिला. जयशंकर जर्मन भाषेच्या अभ्यासातून आले आणि आयआयटी मुंबईत त्यांनी मानव्यविद्येत डॉक्टरेट केली. दोघांचंही मूळ प्रशिक्षण चित्रपटाचं नव्हतं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. समाजशास्त्र वाचता वाचता ते माहितीपटाकडे आले, आणि माहितीपट करता करता समाजशास्त्राला उलटे प्रश्न विचारू लागले. प्रेक्षक म्हणजे रिकामं भांडं नव्हे, हे मोंतेरोंना अभ्यासातून ठाऊक होतंच. मग कॅमेऱ्यासमोरचा माणूस तरी केवळ ‘विषय’ कसा असेल?

व्हिडिओ तंत्राने याच सुमारास मोठी मदत केली. सेल्युलॉइडवर चित्रण करायचं तर प्रत्येक मिनिटाचा हिशेब मांडावा लागे. व्हिडिओच्या टेपवर माणसाला बोलू देता येई, थांबता येई, चित्रित केलेलं त्यालाच दाखवता येई. आज मोबाइलवर चित्रण करणाऱ्या पिढीला यातलं मोल चटकन लक्षात येणार नाही. पण ज्याला प्रश्न विचारायचे त्याला घाई न करता ऐकणं, ही सोय आधी तंत्राने दिली आणि नंतर ती या केंद्राची शिस्त झाली.

‘कहाणकार : अहंकार’ (१९९५) हा त्या काळातला माहितीपट वारल्यांबद्दल आहे. वारली चित्रं तोवर शहरी घरांच्या भिंतींवर, भेटकार्डांवर पोचली होती. वारली माणूस मात्र कोणालाच ठाऊक नव्हता. या माहितीपटात वारल्यांच्या स्वतःच्या कहाण्या आहेत आणि त्यांच्याविषयी बाहेरच्यांनी लिहून ठेवलेलंही आहे. दोन्ही शेजारी आली की कोण कोणाची गोष्ट सांगतं आहे, हे निवेदकाने समजावून द्यावं लागत नाही. ‘वायसीपी १९९७’ येरवडा मध्यवर्ती कारागृहात झाला. तिथे कविता लिहिणारे, चित्रं काढणारे कैदी आहेत, आणि कॅमेरा त्यांच्या गुन्ह्यापेक्षा त्यांच्या निर्मितीजवळ अधिक रेंगाळतो. तुरुंगावर माहितीपट करायचा म्हटलं की गुन्हा, शिक्षा, पश्चात्ताप ही वाट ठरलेली. ती सोडून देण्याचं धैर्य इथे दिसतं.

मराठी वाचकाला सर्वांत जवळचा वाटावा असा माहितीपट ‘साचा’ २००१ मध्ये आला. त्यात दोन माणसं आहेत आणि एक शहर. एक नारायण सुर्वे : गिरणी कामगार गंगाराम सुर्व्यांनी रस्त्यावरून उचलून वाढवलेलं मूल, ज्याने गिरणीत काम केलं, शाळेत शिपाई म्हणून आणि पुढे शिक्षक म्हणून नोकरी केली, आणि ‘ऐसा गा मी ब्रह्म’ व ‘माझे विद्यापीठ’ या संग्रहांनी मराठी कवितेत कामगाराला प्रथमपुरुषी एकवचन मिळवून दिलं. दुसरे सुधीर पटवर्धन : पुण्यात वैद्यकीचं शिक्षण घेतलेले, ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून वर्षानुवर्षं काम करणारे, आणि त्याच वेळी इराणी हॉटेलात बसलेला, लोकलमध्ये उभा असलेला, रस्ता ओलांडणारा श्रमिक कॅनव्हासवर आणणारे चित्रकार. कवी श्रमाच्या आतून बोलतो, चित्रकार श्रमिकाकडे बाहेरून पाहतो आणि आपण बाहेरचे आहोत याची जाण सोडत नाही. माहितीपट या दोघांना आमनेसामने आणतो आणि मध्ये गिरणगाव उभं करतो.

१८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप कधी रीतसर मागे घेतला गेला नाही, गिरण्याच गेल्या. २००१ मध्ये लालबाग-परळच्या चिमण्या थंड होत्या, जमिनींचे सौदे चालू होते, आणि संप पाहिलेली पिढी अजून चाळीत होती. ‘साचा’ त्या नेमक्या क्षणी चित्रित झाला. दहा वर्षं उशीर झाला असता तर सुर्वे नसते. १६ ऑगस्ट २०१० रोजी ते गेले. कवीच्या आवाजाचं, चालण्याचं, शहराकडे पाहण्याचं जे थोडं चित्रण आपल्याकडे उरलं, त्यातला हा मोठा ठेवा एका विद्यापीठाच्या माध्यम-केंद्राने करून ठेवला आहे. मराठीच्या किती विभागांत तो दाखवला जातो? दाखवला जायला हवा.

‘नाता’ (२००३) धारावीतला. भाऊ कोर्डे आणि वकार खान हे दोन मित्र. १९९२-९३ च्या दंगलीनंतर वस्तीत मोहल्ला समितीचं काम करताना हे दोघे एकत्र आले. वकार खान यांनी चार मुलांना हिंदू, मुसलमान, शीख आणि ख्रिस्ती वेशात उभं करून काढलेलं ‘हम सब एक हैं’चं चित्र पुढे मुंबईभर पोस्टर होऊन लागलं. अशा माणसांवर गौरवपट करणं सोपं असतं. इथे मात्र दोघं मित्र आपल्या कामाची गोष्ट साध्या बोलीत सांगतात, आणि धारावी ही झोपडपट्टी म्हणून नव्हे, तर कामाची, कारागिरीची, शेजाराची जागा म्हणून दिसते. शांतता समिती हा शब्द सरकारी परिपत्रकात वाचला की निर्जीव वाटतो. रात्री अफवा उठली असताना कोणाच्या घरी जायचं, कोणाला आधी बोलवायचं, पोलिसांशी कोण बोलणार, हे ज्यांना ठाऊक असतं त्यांच्यामुळे ती समिती जिवंत राहते. ‘नाता’ पाहताना हे कळतं.

पुढचे काही माहितीपट महाराष्ट्राबाहेर गेले. ‘शी राइट’मध्ये (२००५) सलमा, कुट्टी रेवती, मालती मैत्री, सुकीर्तराणी या चार तमिळ कवयित्री आहेत, तर शाह अब्दुल लतीफ भिटाईंचं काव्य गाणाऱ्या कच्छच्या पशुपालकांवरच्या ‘सो हेड्डान सो होड्डान’ला २०१३ मध्ये ब्रिटनच्या रॉयल अँथ्रोपॉलॉजिकल इन्स्टिट्यूटच्या महोत्सवात बेसिल राइट पारितोषिक मिळालं. त्यांच्याबद्दल वेगळं लिहिता येईल.

पण माहितीपट करणं आणि तो दाखवता येणं या दोन वेगळ्या लढाया आहेत. २००४ च्या मुंबई आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात भारतीय माहितीपटांना सेन्सॉर प्रमाणपत्राची अट घालण्याचा विषय निघाला. विदेशी चित्रपटांना ती अट नव्हती. देशभरचे माहितीपटकार एकत्र आले, अट मागे घ्यावी लागली. तरी अनेक टोकदार माहितीपट निवडीत गळले. तेव्हा प्रभादेवीला रवींद्र नाट्यमंदिराच्या समोरच, भूपेश गुप्ता भवनात, ‘विकल्प’ नावाचा समांतर महोत्सव भरला. देवनारची मंडळी या चळवळीत होती. त्यामुळे अभिव्यक्तिस्वातंत्र्य हा इथे परीक्षेपुरता धडा राहिला नाही. ज्यांनी शिकवलं त्यांनी त्यासाठी सभागृहं शोधली होती, खुर्च्या मांडल्या होत्या, प्रेक्षक गोळा केले होते.

एम. ए.चा अभ्यासक्रम या सगळ्यानंतर आला, २००७ मध्ये. हा क्रम ध्यानात घ्यावा. आपल्याकडे सहसा आधी अभ्यासक्रम मंजूर होतो, मग प्राध्यापक शोधले जातात, मग कधीतरी स्टुडिओ बांधला जातो आणि काम करायचं राहूनच जातं. इथे दोन दशकं काम झालं, त्यातून दृष्टी आली, आणि मग ती शिकवण्याजोगी आहे असं ठरलं. संचालक एस. परशुरामन यांच्या कारकिर्दीत संस्थेत अनेक नवे पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू झाले; त्या लाटेत ‘मीडिया अँड कल्चरल स्टडीज’लाही जागा मिळाली. केंद्राचं नाव ‘सेंटर फॉर मीडिया अँड कल्चरल स्टडीज’ झालं, पुढे त्याचंच ‘स्कूल’ झालं. मुंबई विद्यापीठाचा बीएमएम हा पदवी अभ्यासक्रम तोवर जोरात होता, आणि बारावीनंतर माध्यमांत जायचं तर बीएमएम, अशी शहरात रीत पडली होती. देवनारने पदवीनंतरची मुलं घेतली, तीही कुठल्याही शाखेची : अभियंता, साहित्याचा विद्यार्थी, कायद्याचा, नाटक करणारी, स्वयंसेवी संस्थेत दोन वर्षं काम केलेली.

दोन वर्षांची रचना मुद्दाम अवघड ठेवली आहे. एका हाताला सिद्धांत आणि संशोधन : संस्कृतीचा अभ्यास, चित्रपटाचा इतिहास, जात, लिंगभाव, शहर, बाजार यांचा विचार. दुसऱ्या हाताला कॅमेरा, ध्वनी, संकलन. शेवटी प्रत्येकाने स्वतंत्र लघुप्रबंध लिहायचा आणि गटाने मिळून माहितीपट करायचा. संस्थेतल्या इतर शाखांच्या विद्यार्थ्यांबरोबर समाजशास्त्राचे पायाभूत वर्गही करावे लागतात. हातात साधन आलेल्या तरुणाला वाचायला बसवणं कठीण असतं आणि वाचण्यात रमलेल्याला उन्हात तिपाई घेऊन उभं करणंही तितकंच कठीण. दोन्ही एकाच माणसाकडून करून घेण्याचा हट्ट इथे आहे. काही जण एकाच अंगाला चांगले ठरतात, हेही होतं. पण एकदा दोन्ही करून पाहिलेला माणूस पुढे वृत्तवाहिनीत गेला, संशोधनात गेला किंवा जाहिरातीत गेला, तरी आपण कोणाला चौकटीबाहेर ठेवलं हे त्याच्या मनात येत राहतं.

गटाने माहितीपट करणं ही माझ्या मते या अभ्यासक्रमातली सर्वांत मोलाची अट आहे. चार-पाच जणांचा गट. एकाला वस्तीची ओळख, दुसऱ्याला कॅमेऱ्याची, तिसरीला भाषेची. कोणत्या माणसाला भेटायचं, त्याची संमती कशी घ्यायची, त्याने नंतर ‘हे दाखवू नका’ म्हटलं तर काय करायचं, यावर वाद होतात. संकलनाच्या टेबलावर एक सुंदर दृश्य सगळ्यांना आवडलेलं असतं आणि ते ठेवलं तर बोलणाऱ्या बाईची अडचण होणार असते. दृश्य काढायचं की ठेवायचं, हे चौघांनी बसून ठरवायचं असतं. एकट्या दिग्दर्शकाच्या प्रतिभेची जी आख्यायिका चित्रपटाच्या शाळांतून चालत आलेली आहे, तिला इथे थारा कमी.

शिक्षकांच्या लेखनानेही या शाळेची ओळख घडवली. शिल्पा फडके यांनी समीरा खान आणि शिल्पा रानडे यांच्यासह लिहिलेलं ‘व्हाय लॉइटर?’ २०११ मध्ये आलं. मुंबईच्या रस्त्यांवर बाईने कामाशिवाय, कारणाशिवाय रेंगाळायला काय हरकत आहे, हा त्यातला प्रश्न. सुरक्षिततेच्या नावाखाली बाईला घरात ठेवणाऱ्या विचाराला या पुस्तकाने हात घातला आणि पुढे अनेक शहरांत मुली खरोखर बागेत, टपरीवर, कट्ट्यावर बसायला निघाल्या. माध्यमांच्या विभागातल्या अध्यापकाने शहराच्या रस्त्यांवर लिहावं, हे देवनारच्या स्वभावाला धरूनच होतं. मोंतेरो आणि जयशंकर यांचं ‘अ फ्लाय इन द करी’ हे भारतातल्या स्वतंत्र माहितीपटावरचं पुस्तक २०१६ मध्ये आलं. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्याचा विशेष उल्लेख झाला.

विद्यार्थ्यांच्या कामाचं एक पर्व मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं : ‘रिमेम्बरिंग १९९२’. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबईत सुमारे ९०० माणसं मारली गेली. न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाने अहवाल दिला, आणि त्यावरची कारवाई रेंगाळत राहिली. वीस वर्षांनी या विषयावर लघुपट करणारे विद्यार्थी दंगलीच्या वेळी तान्ही बाळं होते, किंवा नुकते चालायला शिकलेले. त्यांना ही गोष्ट वर्तमानपत्रांच्या कात्रणांतून आणि वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडून कळली. दंगलीनंतर कोण कुठे राहायला गेलं, कोणत्या मोहल्ल्यात कोण उरलं, शहराचा नकाशा धर्माप्रमाणे कसा पुन्हा आखला गेला, हे त्यांनी चित्रित केलं. शिक्षकांनीही याच विषयावर ‘फारुख व्हर्सेस द स्टेट’ (२०१२) केला. १० जानेवारी १९९३ रोजी वडाळ्याच्या हरी मशिदीत पोलिसांनी केलेल्या गोळीबारात जखमी झालेले फारुख मापकर. त्यांच्यावरच दंगलीचा आरोप ठेवला गेला. त्यातून निर्दोष सुटायला २००९ साल उजाडलं, आणि मध्यंतरी गोळीबाराची चौकशी व्हावी म्हणून ते न्यायालयाच्या पायऱ्या चढत राहिले. शिक्षक आणि विद्यार्थी एकाच वेळी एकाच शहराच्या एकाच जखमेवर काम करतात, याहून चांगला वर्ग मला कल्पिता येत नाही.

त्यापुढच्या तुकड्यांनी मुंबईतली जात हा विषय घेतला. ‘मुंबईत जात नाही’ हे वाक्य ज्यांनी उच्चारलेलं असतं, त्यांना घर शोधताना आडनाव विचारलं गेलेलं नसतं. या मालिकेतला ‘कास्ट ऑन द मेन्यू कार्ड’ हा सुमारे वीस मिनिटांचा लघुपट पाच विद्यार्थ्यांनी २०१४ मध्ये केला. शहरातली खाणावळ, घरातलं ताट, कोणाचं जेवण ‘स्वच्छ’ आणि कोणाचं ‘घाण’ ठरतं, गोमांस खाणाऱ्यांकडे कसं पाहिलं जातं आणि त्या व्यवसायावर किती पोटं भरतात, हे त्यात आहे. कत्तलखाना देवनारचा, संस्था देवनारची, त्यामुळे हा विषय त्यांना लांब जाऊन शोधावा लागला नाही. २०१५ च्या मार्चमध्ये महाराष्ट्रात बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली आणि लघुपटाला अकस्मात राजकीय वजन आलं. त्याच वर्षी दिल्लीच्या ‘जीविका’ महोत्सवात तो दाखवायचा होता. सेन्सॉर प्रमाणपत्र नसलेले चित्रपट महोत्सवात दाखवायचे तर माहिती व नभोवाणी मंत्रालयाची सूट लागते. बाकीच्यांना ती मिळाली, या लघुपटाला नाकारली. विद्यार्थ्यांच्या अभ्यासाचा भाग म्हणून केलेल्या वीस मिनिटांच्या कामाला केंद्रीय मंत्रालयाने अडवावं, ही गोष्ट देशभरच्या वृत्तपत्रांत आली. त्या नकाराचा परिणाम असा झाला की एरवी महोत्सवातल्या मोजक्या प्रेक्षकांनी पाहिला असता तो लघुपट कितीतरी अधिक लोकांनी पाहिला. पण म्हणून नाकारणं क्षम्य ठरत नाही. शिकणाऱ्याला बोलण्याआधी परवानगी मागायला लावणं हे शिक्षणाच्या मुळावर येतं.

इथे येतं कोण, हा प्रश्नही तितकाच मोठा. माध्यमांचं पदव्युत्तर शिक्षण महाग असतं. खासगी संस्थांतलं शुल्क ऐकून खेड्यातला, दलित-आदिवासी घरातला मुलगा दारातूनच परत फिरतो. टिसमध्ये आरक्षण आणि केंद्र सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती यांच्या आधाराने अशा घरांतली मुलं-मुली आली, आणि कॅमेऱ्यामागे कोण उभं आहे हे बदललं की कॅमेऱ्यासमोर काय येतं हेही कसं बदलतं, ते जातीवरच्या त्या लघुपटांत दिसतं. फेब्रुवारी २०१८ मध्ये या शिष्यवृत्तीच्या विद्यार्थ्यांना वसतिगृह आणि भोजनाच्या शुल्कातली सवलत बंद होणार, म्हणून संस्थेच्या मुंबई, तुळजापूर, हैदराबाद आणि गुवाहाटी इथल्या विद्यार्थ्यांनी वर्गांवर बहिष्कार टाकला. शिष्यवृत्तीचे पैसे वर्ष संपता संपता हाती येतात आणि शुल्क मात्र आधी भरायचं असतं. हे ज्याने भोगलं नाही त्याला त्या संपातली तडफड कळणं अवघड. जून २०२४ मध्ये टाटांच्या न्यासाच्या निधीवर नेमलेल्या ५५ अध्यापकांना आणि सुमारे ६० शिक्षकेतर कर्मचाऱ्यांना सेवासमाप्तीच्या नोटिसा गेल्या, आणि निधी चालू राहील असं कळल्यावर दोनच दिवसांत त्या मागेही घेतल्या गेल्या. ज्या अभ्यासाला चार-चार महिने एका वस्तीत जाऊन बसावं लागतं, त्याला अशी अस्थिरता परवडत नाही.

मोंतेरो आणि जयशंकर आता निवृत्त झाले आहेत. संस्थेची स्वतःची प्रवेशपरीक्षा गेली. २०२४ पासून देशभरची सीयूईटी-पीजी द्यावी लागते. पर्यायांवर खूण करून मुलाच्या अंगात माणसाचं ऐकून घेण्याची ताकद आहे का हे कसं कळणार, ही काळजी मला वाटते. साधनं मात्र स्वस्त झाली. पूर्वी केंद्राच्या कपाटातला कॅमेरा सही करून घ्यावा लागे. आज गोवंडीतल्या मुलीच्या हातातला फोन त्याहून चांगलं चित्रण करतो, आणि ती ते शाळेविनाही करते. देवनारच्या शाळेने आता तिच्याकडून काय शिकायचं, हे नव्या अध्यापकांपुढचं खरं काम आहे.

एक गोष्ट राहून गेली आहे आणि ती मराठी वाचक म्हणून स्पष्ट सांगतो. या शाळेतले मुंबईवरचे माहितीपट मराठी-हिंदी बोलणाऱ्या माणसांच्या शब्दांवर उभे आहेत, आणि त्यांच्यावरचा विचार मात्र जवळजवळ सगळा इंग्रजीत आहे. उपशीर्षकं इंग्रजी, लेख इंग्रजी, चर्चा इंग्रजी. ज्या गिरणगावावर ‘साचा’ झाला, तिथल्या वाचनालयात त्याच्यावर मराठीत लिहिलेलं काही मिळायला हवं. ‘अ फ्लाय इन द करी’चं मराठी भाषांतर व्हायला हवं; एखाद्या विद्यापीठाच्या प्रकाशन विभागाने किंवा साहित्य संस्कृती मंडळाने ते हाती घ्यावं. विद्यार्थ्यांच्या लघुपटांना मराठी उपशीर्षकं लावून ते जिल्ह्याच्या गावांतल्या महाविद्यालयांत, लातूरला, अमरावतीला, रत्नागिरीला दाखवता येतील. खर्च फार नाही. प्रक्षेपक आणि पडदा आता बहुतेक महाविद्यालयांत आहे. परवानगीचं पत्र देवनारला पाठवावं आणि ‘नाता’पासून सुरुवात करावी.